सांगली ते चेन्नई आणि परत: मालट्रकची आठ दिवसांची फेरी कशी आखायची

सांगली-मिरज-तासगाव भागात नव्यानं लांब पल्ल्याला लागलेल्या गाडीमालकांच्या हिशेबात एक चूक हमखास दिसते. ते किलोमीटर मोजतात, तास मोजत नाहीत. "हजार किलोमीटर आहे शेठ, दोन दिवसांत टाकतो," असं फोनवर सांगून मोकळे होतात. मग भरतीला अर्धा दिवस जातो, शहराबाहेर नो-एंट्रीत गाडी उभी राहते, गोदामाच्या गेटवर आधीच आठ गाड्या असतात. हा गेलेला वेळ शेवटी एकाच ठिकाणाहून भरून काढला जातो, तो म्हणजे ड्रायव्हरच्या झोपेतून.

इथे उदाहरणाला दहा टायरची उघड्या डाल्याची गाडी, तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा आणि चेन्नईचं गोदाम धरलं आहे. हळद, गूळ, साखर असली तरी क्रम हाच. सातारा-कराडकडच्या गाड्या बहुतेक पुणे-मुंबई किंवा त्याहून वर जातात. त्यांनी रस्त्याची नावं बदलून वाचावं, घाटाचा भाग मात्र जसाच्या तसा घ्यावा.

## १. भाडं कबूल करण्याआधी: आठवडा मागून पुढे लिहा

वहीत सगळ्यात आधी माल कधी खाली होणार ते लिहा, निघण्याचा दिवस सगळ्यात शेवटी. माल घेणाऱ्याला स्वतः फोन करा आणि चार गोष्टी विचारा: गोदाम किती वाजता उघडतं, कोणत्या वारी सुट्टी असते, हमाल त्यांचे की आपले, आणि तिथं मोठ्या गाडीला दिवसा यायला परवानगी आहे का. चेन्नई, बंगळूरसारख्या शहरांत बऱ्याच रस्त्यांवर अवजड गाड्यांना दिवसा बंदी असते. वेळा भागाप्रमाणे बदलतात, म्हणून नेमकी वेळ गोदामवाल्यालाच विचारायची. ट्रान्सपोर्ट ऑफिस "जाईल हो गाडी" एवढंच सांगतं.

समजा शुक्रवारी पहाटे खाली करायचं आहे. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी गाडी श्रीपेरुंबुदूरच्या आसपास हवी. भरलेली गाडी, टोल, चहा-जेवण धरून दिवसाला साडेतीनशे किलोमीटर हा शहाणपणाचा आकडा. चारशे निघतात, पण चारशे धरून आखणी केली की पहिला पंक्चर सगळं गणित मोडतो. मांडणी अशी होते:

रविवार: गाडीची तपासणी, कागदं.
सोमवार: भरती, वजन, ताडपत्री, रात्री घरीच झोप.
मंगळवार: पहाटे निघून हावेरी किंवा राणेबेन्नूर.
बुधवार: चित्रदुर्ग, तुमकूर करत नेलमंगलाच्या अलीकडे.
गुरुवार: बंगळूर ओलांडून होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर, श्रीपेरुंबुदूर.
शुक्रवार: खाली. दुपारनंतर परतीचं भाडं पक्कं करणं.
शनिवार ते सोमवार: परत.

सोमवारी भरून सोमवारीच रात्री निघायची पद्धत सर्रास आहे. ती सोडा. दिवसभर भरतीवर उभा राहिलेला माणूस रात्री स्टिअरिंगवर बसला की आठवड्याची झोप पहिल्याच दिवशी उधार होते.

तपासा: भाडं ठरवताना "किती तास गाडी थांबली की हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे) सुरू आणि दिवसाचे किती" हे बोलून बिल्टीवर, म्हणजे माल भरल्याच्या पावतीवर, लिहून घेतलं का? तोंडी हॉल्टिंग कुणी देत नाही.

## २. रविवार: गाडी

गॅरेजला न नेता स्वतः करायची कामं आधी. गाडी थंड असताना हवा मोजा. धावून गरम झालेल्या टायरची हवा जास्त दाखवते आणि ती पाहून कुणी हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो. पुढच्या दोन्ही बाजूंना नवे किंवा चांगले मूळ टायर ठेवा. रबर चढवलेले मागे चालतात, पुढे नको. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

मागच्या जोडटायरांत खरा घोटाळा आतल्या टायरचा असतो. तो बसलेला दिसत नाही, कारण बाहेरचा त्याचा भार उचलून धरतो. टॉमी, म्हणजे टायरकामाची लोखंडी सळई, हातात घ्या आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका मारत गाडीभोवती फिरा. भरल्या टायरवरून टॉमी उसळून येते आणि आवाज टणक येतो. हवा गेलेल्यावर ती बसते, आवाज मऊ येतो. आतल्याला मारायला वाकावं लागतं, म्हणूनच क्लीनर तो सोडतो. बसलेल्या जोडीवर शंभर किलोमीटर गेलात तर बाहेरचा तापून फुटतो, कधी पेटतोही.

हवेच्या टाक्यांतलं पाणी रोज सोडायचं, प्रवासात सुद्धा. खालची तार ओढली की फुस्स करून थोडं पाणी येतं. पाण्याबरोबर काळं तेल भरपूर येत असेल तर कॉम्प्रेसर दाखवून घ्या. इंजिन बंद करून ब्रेक दोन-तीनदा दाबा आणि गेजचा काटा बघा. दाबून धरल्यावरही काटा खाली सरकत राहिला तर कुठेतरी हवा गळते आहे. ती सांगलीतच काढा, चित्रदुर्गला नाही.

कमानपाटे, मधला बोल्ट, यू-क्लॅम्प टॉर्चनं बघा. तुटका पाटा गंजाच्या ताज्या रेषेवरून कळतो. ग्रीस, ऑइल, कूलंट, दिवे, मागचा रिफ्लेक्टर पट्टा हे सगळ्यांना माहीत आहे. होतं का, हा प्रश्न.

बीएस-६ गाडीला युरिया, म्हणजे डीईएफ, लागतो. डिझेलच्या साधारण चार-पाच टक्के धरा. भरल्या गाडीला लिटरला चार किलोमीटर पडले तर जाताना अडीचशे लिटर डिझेल आणि दहा-बारा लिटर युरिया. टाकी संपली की इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते आणि चढावर गाडी रांगायला लागते. सीलबंद डबाच घ्या. सुटा, स्वस्त, पाणी मारलेला युरिया नळीत पांढरा खडा धरतो आणि दुरुस्तीचा खर्च त्या बचतीच्या कित्येक पट येतो.

सोबत: स्टेपनी दोन असतील तर उत्तम, जॅक, व्हीलपाना, टॉमी, लाकडी ठोकळे, दोन रिफ्लेक्टर त्रिकोण, फॅनबेल्ट, फ्यूज, बल्ब, दोरखंड, जादा ताडपत्री, आग विझवायचा सिलिंडर, प्रथमोपचार पेटी, वीस लिटर पाणी.

सावधान: व्हील काढून बसवलं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा. गॅरेजवाल्यानं आवळले म्हणून विषय संपत नाही.

## ३. कागदं: दोन फाइल, एक मोबाईल

आरसी, विमा, पासिंग (फिटनेस), नॅशनल परमिट आणि त्याचं दरवर्षीचं ऑथोरायझेशन, पीयूसी, लायसन्स. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची प्रत चालते, पण बॅटरी संपलेल्या मोबाईलमधली चालत नाही. म्हणून झेरॉक्स फाइल केबिनमध्ये आणि दुसरी घरी. प्रत्येक कागदाची शेवटची तारीख एका पानावर लिहून सनव्हायझरला लावा. आठ वर्षांच्या आतल्या गाडीचं पासिंग दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. नेमकं आठवं वर्ष उलटताना लोक फसतात, कारण डोक्यात दोन वर्षांचीच सवय बसलेली असते. व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांचं असतं, तेही तसंच हुकतं.

ई-वे बिल म्हणजे माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्यात तीन चुका होतात, आणि भुर्दंड गाडीला पडतो, माल पाठवणाऱ्या शेठला नाही.

पहिली: भाग ब मध्ये (गाडीचा तपशील असतो तो) गाडीचा नंबर चुकीचा, किंवा शेठच्या नेहमीच्या गाडीचा. निघण्याआधी एमएच १० पासून शेवटच्या आकड्यापर्यंत स्वतः वाचा.

दुसरी: मुदत. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. हजार किलोमीटरला पाच. सोमवारी संध्याकाळी भाग ब भरला तर पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो, म्हणजे शनिवारी मध्यरात्रीपर्यंत बिल चालेल. अंतर कमी टाकलं की एक दिवस गेला. आणि भाग ब भरल्यापासून मुदत धावते, म्हणून गाडी भरून व्हायच्या आदल्या दिवशीच बिल काढून ठेवणाऱ्या उत्साही कारकुनाला आवरा.

तिसरी: मुदत संपत आली तरी गप्प बसणं. संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत ती वाढवता येते. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवा नंबर भाग ब मध्ये चढवल्याशिवाय हलायचं नाही.

ताज्या द्राक्षांना ई-वे बिल लागत नाही. बेदाण्याला लागतं. द्राक्षाच्या हंगामातून थेट बेदाण्यावर आलेली गाडी इथं अडकते.

तपासा: बिल्टी, बीजक आणि ई-वे बिल या तिन्हींवर बॉक्सची संख्या, वजन आणि गाडी नंबर एकच आहे?

## ४. सोमवार: भरती

रिकाम्या गाडीचं वजन आधी करा. आरसीवरच्या रिकाम्या वजनावर जाऊ नका; वाढवलेली बॉडी, दोन स्टेपन्या, भरलेली डिझेल टाकी, ताडपत्र्या हे सगळं त्यात नसतं.

आता बेदाण्याचं गणित. पंधरा किलोचा बॉक्स, बाराशे बॉक्स, म्हणजे अठरा टन. बीजकावर अठरा टनच लिहिलेलं असतं. पण पुठ्ठा बॉक्समागे अर्धा किलो धरला तरी सहाशे किलो वर आले, आणि काट्यावर तेही मोजले जातात. ओव्हरलोडचा दंड किमान २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावू शकतात. परक्या राज्यात रस्त्याच्या कडेला बेदाण्याचे बॉक्स उतरवून ते ठेवणार कुठे? शेठ म्हणेल, "पन्नास बॉक्स वर टाका की, काय होतंय." दंडाची पावती तो भरणार आहे का, ते बिल्टीवर लिहून मागा. बहुतेक वेळा पन्नास बॉक्स तिथंच राहतात.

भरलेल्या गाडीचं वजन करून काटा पावतीचा फोटो काढा, तारीख-वेळेसह. पुढे तूट निघाली तर हाच पुरावा.

थर लावताना वजन पुढे-मागे वाटून लावा. हमाल केबिनकडून सुरुवात करतात आणि माल कमी असला की मागचा भाग रिकामा ठेवून मोकळे होतात. मग पुढचा ॲक्सल दबतो आणि घाटात स्टिअरिंग जड लागतं. थराचे सांधे विटांसारखे एकाआड एक घ्या. खाली कोरडी ताडपत्री आणि फळ्या हव्यात.

कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या गार बॉक्सवर बाहेरच्या दमट हवेत पाणी सुटतं. लगेच ताडपत्री गच्च आवळली की ते पाणी आतच राहतं, पुठ्ठा मऊ पडतो आणि चेन्नईला पोचेपर्यंत खालचे थर दबलेले असतात. भरती सावलीत, शक्य असेल तर शेडमध्ये करा. बॉक्सवरचा ओलावा सुकू द्या, मगच झाका. पावसाळ्यात तर याची घाई करूच नका.

ताडपत्रीचा क्रम नव्या पोरांना कुणी सांगत नाही. दोन ताडपत्र्या असतील तर मागची आधी पसरा, पुढची नंतर, म्हणजे पुढची मागचीवर दोन हात तरी चढते. उलटं केलंत तर समोरून येणारा वारा सांध्यात घुसतो, ताडपत्री फुगते आणि पावसाचं पाणी सरळ आत जातं. केबिनकडच्या दोन कोपऱ्यांची घडी पाकिटासारखी आत दुमडून मग खाली ओढा. दोर हुकात घालताना प्रत्येक हुकाशी एकदा पीळ द्या, नाहीतर एक हुक तुटला की सगळा दोर सैल होतो. शेवटी फाळक्याच्या, म्हणजे मागच्या झाकणाच्या, खिट्ट्या बघा.

पन्नास किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा आवळायचे. माल हलून बसतो, दोर सैल पडतात. मंगळवारी पहिला चहा याच कामासाठी ठेवा.

## ५. पैसे निघण्याआधी वेगळे करा

ॲडव्हान्स हातात आला की तो सगळा आपलाच वाटतो. चार कप्पे करा: डिझेल-युरिया, फास्टॅग, भत्ता-जेवण, आणि हात न लावायचा बिघाडीचा पैसा. शेवटच्या कप्प्यात किमान एका टायरचे पैसे हवेत. गाडीचा हप्ता माल पोचल्यावर मिळायच्या बाकी भाड्यातून धरू नका. बाकी कधी येते ते आपल्या हातात नाही.

फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचा अंदाज टाकून थोडी वर रक्कम ठेवा. टॅग चालला नाही आणि रोख भरलं तर दुप्पट. बंगळूरला नाईस रोड (शहर टाळून जाणारा टोल रस्ता) घेणार असाल तर तो टोल वेगळा.

दहा किंवा त्यापेक्षा कमी मालगाड्या असलेल्या मालकानं पॅन आणि तसं लेखी घोषणापत्र दिलं की भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. हे पत्र पहिल्या भाड्याआधी द्या. कापून गेल्यावर परताव्यासाठी वर्ष जातं.

## ६. मंगळवार ते गुरुवार: रस्ता

जयसिंगपूर, हातकणंगलेवरून शिरोलीला आलात की एनएच ४८ लागतो. हाच महामार्ग दिल्लीहून निघून पुणे, कोल्हापूर, बंगळूर करत चेन्नईला संपतो, त्यामुळे मुख्य रस्ता बदलायची गरज फक्त बंगळूर टाळताना पडते.

शिरोलीआधी: ऊसतोडीच्या हंगामात सांगली जिल्ह्यातले रस्ते पहाटे आणि रात्री ऊस ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. भरल्या गाडीनं चाळीसच्या वर जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेची पातळी बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडून गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पाणी चढत असेल तर सांगलीतच थांबा.

घाट: निपाणीच्या पुढे तवंदी घाट. साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्यांना खंबाटकी, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलावर एका अवजड गाडीनं कित्येक गाड्यांना उडवलं. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं पोलिसांनी सांगितलं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणं ही जुनी सवय आहे आणि तिचा हिशेबच चुकीचा आहे. आताच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय काढला की डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. इंजिन बंद केलंत तर पॉवर स्टिअरिंग जातं, कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रत्येक ब्रेकसरशी टाकीतली हवा संपत जाते.

उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. उतारात वेग आल्यावर गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलला अडकते. एक्झॉस्ट ब्रेक लावा. पायाचा ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. करपल्याचा वास आला तर उजेडाच्या सपाट जागेवर थांबा, चाकांना ठोकळे लावा, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. तडा जातो.

दर थांब्याला पाच मिनिटं: उतरून उलटा तळहात प्रत्येक हबजवळ धरा, टेकवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग कोरडं आहे. मग टॉमी घेऊन टायर, मग दोर. चहा त्यानंतर. आधी चहा पिणारा टायर बघत नाही, हा अनुभव आहे.

झोप: मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१ चा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला तो लागायचा. त्यात दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला दहापर्यंत. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास आराम. तुम्ही एकटे मालक-ड्रायव्हर असलात तरी हेच माप धरा. सगळ्यात वाईट वेळ रात्री दोन ते पाच. दहाला झोपून पाचला निघालेला माणूस आणि रात्रभर चालवून सकाळी झोपणारा माणूस संध्याकाळी एकाच ठिकाणी असतात. फरक एवढाच की दुसऱ्यानं धोक्याचे तीन तास डोळे ताणून काढलेले असतात. डोळे चुरचुरायला लागले, मागचा टोल कधी गेला ते आठवेना, की पुढच्या पंपावर गाडी लावायची. तंबाखू, मोठ्यानं गाणी, तोंडावर पाणी हे दहा मिनिटांचे उपाय आहेत, आणि "जागं राहायची गोळी" कुणी देऊ केली तर घेऊ नका.

२०२५ मध्ये लागू झालेल्या नियमानंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या, म्हणून दुपारचा तास-दीड तास झाडाच्या सावलीत काढा आणि तेवढं पहाटे लवकर निघा.

सावधान: क्लीनरला "सरळ रस्ता आहे, धर जरा" म्हणून स्टिअरिंग देऊ नका. कारचं लायसन्स साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला चालतं, तुमची गाडी भरली की त्याच्या तिपटीपेक्षा जड आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न लायसन्सचाच विचारते.

मुक्काम: उजेड, कॅमेरा आणि इतर गाड्या असलेला पंप किंवा मोठा धाबा. डिझेल टाकीची बाजू भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीला चिकटून लावा, टाकीला कुलूप आणि तोंडात जाळी. हायवेच्या कडेला, पुलाखाली, टोलच्या पुढच्या अंधारात मुक्काम नाही. झोपताना इंजिन बंद, काच चार बोटं उघडी, मच्छरदाणी. स्टोव्ह केबिनच्या बाहेरच. घरची भाकरी दीड दिवस जाते, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा आठवडाभर. पोट बिघडून वाया गेलेला दिवस कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो.

बिघाड झाला तर गाडी शक्य तेवढी डावीकडे, चारही इंडिकेटर चालू, त्रिकोण मागे पन्नास पावलांवर. दगड लावायचे आणि जाताना तसेच टाकून द्यायचे ही पद्धत बंद करा, रात्री दुचाकीवाला त्यावर जातो. राष्ट्रीय महामार्गावरची मदत १०३३, पोलीस-रुग्णवाहिका ११२.

रस्त्यावरच्या तीन जागा: हुबळी-धारवाड बायपास बरीच वर्षं दोनपदरी होता, तिथं ओव्हरटेकचा मोह नको. नेलमंगलाजवळ संध्याकाळी पोचलात तर अलीकडेच मुक्काम करा आणि पहाटे नाईस रोडनं होसूर रोडला निघा. सकाळी आठच्या पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या भागात गाडी सापडली तर दोन तास गेले. कृष्णगिरीला फाट्यावर लेन लवकर धरा. सेलमकडे वळलेली गाडी परत फिरवायला लांब जावं लागतं.

## ७. शुक्रवार: खाली करणं आणि पोच

गेटवर पोचल्याक्षणी तिथल्या रजिस्टरमध्ये वेळ लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा. हॉल्टिंगचं भांडण याच फोटोवर जिंकतात. भाषेची अडचण असेल तर गाडी नंबर आणि वेळ कागदावर लिहून पुढे करा.

ताडपत्री सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो: दोर, फाळका, कोपरे. मग हमाल चढू द्या. बॉक्स मोजताना क्लीनर खाली आणि तुम्ही वर, असं दोन ठिकाणी मोजा. ओला किंवा फाटलेला बॉक्स निघाला तर तो वेगळा ठेवून लगेच फोटो आणि शेठला फोन. संध्याकाळी सांगितलं तर दोष गाडीवर येतो.

पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, सही, शिक्का, तारीख, मिळालेले बॉक्स हे चारही हवेत. "शिक्का उद्या देतो" म्हणाले तर थांबा. पोचेवर "माल तपासून कळवू" असा शेरा मारला असेल तर पुढे-मागे बाकी अडकणार हे समजा आणि तिथंच शेठशी बोलणं करून द्या. दोन्ही बाजूंचे फोटो, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ड्रायव्हरच्या सीटखाली नको, वरच्या कप्प्यात. बाकीचे पैसे त्या कागदावर आहेत.

## ८. परतीचं भाडं

हा शोध शुक्रवारी नाही, बुधवारीच सुरू करायचा. श्रीपेरुंबुदूर-ओरगडम भागात गाड्यांचे कारखाने आहेत, होसूरलाही उद्योग आहेत. पुणे, कोल्हापूर, बेळगावसाठी माल निघत असतो.

किती थांबायचं याची रेघ आधी मारा. रिकामी गाडी हजार किलोमीटर आणायला किती डिझेल-टोल लागतो, आणि एक दिवस उभं राहिल्यानं हप्ता, भत्ता, पुढचं भाडं मिळून किती जातं, हे दोन आकडे वहीत शेजारी लिहा. बहुतेकांना दीड दिवस परवडतो. कमी दराचं पण आज निघणारं भाडं आणि चांगल्या दराचं पण सोमवारी निघणारं, यात पहिलं घ्यावं असं माझं मत. पूर्ण भाडं सांगलीचंच हवं हा हट्टही नको, बंगळूरपर्यंत एक आणि तिथून कोल्हापूरपर्यंत दुसरं हेही चालतं.

सावधान: राणीपेटसारख्या भागातून रसायनाचे ड्रम चांगल्या दरानं मिळतात. धोकादायक मालासाठी ड्रायव्हरचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. आणि कातडं, रसायन, खत वाहिलेल्या डाल्यात पुढच्या आठवड्यात बेदाणा भरला तर वास लागतो. तासगावचा व्यापारी फाळका उघडून आधी नाकानंच तपासतो. असा माल घेतलाच तर डाला धुवून, उन्हात वाळवून, नव्या ताडपत्रीवर भरती करा, आणि त्याचा एक दिवस आखणीत धरा.

अनोळखी दलालाचं भाडं घेताना ॲडव्हान्स खात्यावर आल्याशिवाय गाडी भरायला लावू नका. "डिझेल पंपावर टाकून देतो" म्हणणाऱ्या दलालाचा पंप त्याच्याच ओळखीचा असतो, दर आणि माप दोन्ही बघा.

## ९. सोमवारी घरी आल्यावर, अंघोळीआधी

पोच शेठच्या ऑफिसला त्याच दिवशी हातात द्या आणि घेतल्याची सही घ्या. बाकी मागायचे दिवस त्या सहीपासून मोजले जातात.

वहीत फेरीचा हिशेब: डिझेल लिटरमध्ये आणि रुपयांत, किलोमीटर, टोल, हॉल्टिंगचे तास, बिघाड, भत्ता. डिझेल नुसतं रुपयांत लिहिलं तर ॲव्हरेज घसरलेलं कळत नाही. लिटरमागे चारावरून साडेतीनला आलं की नोझल, एअर फिल्टर, धरलेला ब्रेक यांपैकी काहीतरी आहे. उभे राहिलेले तास दर फेरीला लिहिलेत तर कुठलं गोदाम तुम्हाला दर वेळी बुडवतं ते चार-पाच फेऱ्यांत दिसतं. त्या गोदामाचं भाडं पुढच्या वेळी वाढवून सांगा किंवा नाही म्हणा. ई-चलान आलं आहे का तेही गाडी नंबर टाकून बघा. चलान थकलं की पासिंगच्या वेळी अडतं.

रस्त्यात ऐकू आलेला प्रत्येक आवाज, तापलेलं हब, ओढणारं स्टिअरिंग एका चिठ्ठीवर लिहून गॅरेजवाल्याला द्या. "जरा बघून घे" म्हटलं की तो ऑइल बदलून गाडी परत करतो. चिठ्ठीवर "मागचं डावं, आतलं हब, तुमकूरनंतर गरम" असं असेल तर तो तेच उघडतो. पुढची भरती लगेच मंगळवारी असेल तर ती बुधवारी ढकला. ड्रायव्हरनं एक पूर्ण रात्र घरी काढल्याशिवाय गाडी तासगावच्या गेटला लावू नका.